हात मोठे, नखं रुंद, मग नेलपॉलिश कुठली लावायची?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पेडण्याची एक मुलगी आहे, ट्रान्स, पणजीला हॉटेलात फ्रंट ऑफिसला कामाला, हॉर्मोन्स सुरू होऊन वर्ष होत आलंय, घरी फक्त आईला माहीत आहे. ती म्हणते माझे हात मोठे, नखं रुंद आणि आखूड, हल्ली टोकाला पापुद्रे पण सुटतात, तर मला कुठला रंग शोभेल, आणि आपल्यातल्या बाकीच्या बायका काय लावतात. आणि शेवटी हळूच विचारलंय की चवथीला, म्हणजे गणपतीत, घर पाहुण्यांनी भरलेलं असणार, तेव्हा काय करू.

मी म्हापशाला नखांचंच काम करते, बरीच वर्षं झाली, स्वतः ट्रान्स आहे त्यामुळे माझ्या खुर्चीत आपल्यातल्या पुष्कळ जणी येऊन बसतात, केसिनोवाल्या, शिक्षिका, कॉल सेंटरवाल्या, तृतीयपंथी गुरूच्या घरात राहणाऱ्या मावश्या, आणि गुपचूप येणाऱ्या पण. तर जे सांगतेय ते या हातांवरून.

"न्यूड लाव गो, हाताकडे लक्ष नको जायला" हे तुला सगळ्यांनीच सांगितलं असणार. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. एक तर दुकानात न्यूड म्हणून जे मिळतं त्यातल्या कितीतरी बाटल्या गोऱ्या कातडीचा हिशोब धरून बनवलेल्या असतात, फिक्या आणि खडूसारख्या पांढुरक्या. आपल्या सावळ्या हातावर तो रंग लावला की नख बोटापासून वेगळं पडतं, बोट आखूड दिसतं आणि हात आहे त्याहून काळा वाटतो, म्हणजे जे लपवायचं म्हणून लावलं तेच पुढे आलं. आणि दुसरं म्हणजे चेहरा बघायला आरसा लागतो, हात मात्र दिवसभर आपल्याच डोळ्यासमोर असतात, कीबोर्डवर, मोबाईलवर, कदंबाच्या बसमध्ये तिकीट घेताना. म्हणून मी विचारते की तुला स्वतःला दिवसभर काय बघायला आवडेल, बाकी लोक काय म्हणतील तो नंतरचा विषय.

तरी न्यूड लागणारच, कारण हॉटेलवाल्यांचे ग्रूमिंगचे नियम असतात, फ्रंट ऑफिसला बहुतेक ठिकाणी ट्रान्स्परंट नाहीतर न्यूड, आणि किचनमध्ये तर काहीच नाही. तेव्हा न्यूड घेताना बाटली हाताशेजारी धरून ठरवू नकोस, काचेतून रंग वेगळाच दिसतो. एका नखावर दोन कोट लाव, दुकानाबाहेर उजेडात ये, हात लांब करून बघ. आपल्याला लागतो तो गुलाबी झाक असलेला तपकिरी, दुधाचा चहा आणि कॉफी यांच्या मधला कुठलातरी, नखाखालच्या आपल्या स्वतःच्या गुलाबीपेक्षा एक शेड गडद. नख बोटाचाच पुढचा भाग वाटलं की तो तुझा न्यूड, आणि मग बोट खरंच लांब दिसतं.

आता आवडते रंग. पहिल्यांदा येणाऱ्या जवळजवळ सगळ्या एकतर बेबी पिंक मागतात नाहीतर लाल, मधलं काही नाही, आणि मला हसू येतं कारण ते अगदी बरोबरच आहे, इतकी वर्षं जे नाही म्हणून सांगितलं तेच आधी हवं असतं. बेबी पिंक सावळ्या हाताला अवघड, तो हवाच असेल तर थोडा जेलीसारखा पारदर्शक घ्यायचा, घट्ट दुधी नको. लाल मात्र सगळ्यांना जातो, फक्त कुठला ते बघायचं. निळसर झाक असलेला लाल, म्हणजे डाळिंबीकडे झुकणारा, त्यात हात उजळ दिसतो आणि सोन्याच्या बांगड्यांबरोबर छान जमतो. नारिंगी झाक असलेला लाल उन्हात, बीचवर, पायाच्या बोटांना. मावश्या मंडळींना भडक लालच लागतो, दोन कोट, तीन कोट, वर चकचकीत टॉप कोट, त्यात त्या कुणाचं ऐकत नाहीत आणि त्यांच्या हिरव्या बांगड्यांबरोबर तो दिसतो पण जबरदस्त. पंचविशीच्या आतल्या मुली काळा, राखाडी, क्रोम, मोरपंखी असलं मागतात.

माझं स्वतःचं मत विचारशील तर तुझ्यासारख्या रुंद आखूड नखाला सगळ्यात भारी गडद वाइन, आमसुली रंग. भिरंड, म्हणजे कोकमाचं फळ, फोडल्यावर बोटांना जो रंग लागतो ना, सुकत आलेला, तो. गडद रंगाने नख बारीक दिसतं हे खरं आहे आणि वाइन काळ्यासारखा अंगावर येत नाही. दुसरा म्हणजे आबोली. दुकानात कोरल म्हणून विचार, पण डोळ्यासमोर आबोलीचा वळेसर ठेवून निवड, निऑनकडे जाणारा घेऊ नकोस. आबोली गव्हाळ आणि सावळ्या हातावर जेवढा खुलतो तेवढा गोऱ्या हातावर खुलत नाही, आणि आपल्याकडे कुणी तो रंग बघून भुवया उंचावत नाही कारण तो डोळ्याच्या ओळखीचा आहे. लव्हेंडर, मिंट हे पेस्टल मात्र फसवे, खाली पांढऱ्याचा एक पातळ कोट दिल्याशिवाय मळकट दिसतात.

आणि ट्रान्स फ्लॅगचे रंग, ते बऱ्याच जणी ३१ मार्चला लावून घेतात, ट्रान्स व्हिजिबिलिटीचा दिवस, २००९ पासून पाळतात. मोनिका हेल्म्स नावाच्या अमेरिकन ट्रान्स बाईने १९९९ साली तो झेंडा केला, फिका निळा, गुलाबी, पांढरा, गुलाबी, फिका निळा, पट्टे पाच आणि बोटंही पाच, त्यामुळे अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सरळ लावत जायचं. डिझाईन बिझाईन काही लागत नाही. ज्याला माहीत त्याला कळतं, बाकीच्यांना वाटतं पोरीने रंगीबेरंगी नखं केलीत. पांढरा लावताना रेघा येतात, तिथे घाई करू नये, तीन एकदम पातळ कोट.

पण रंगाआधी आकार. हे मी प्रत्येकीला सांगते आणि प्रत्येकीला बोअर होतं. हॉर्मोन्सनी कातडी मऊ होते, पण पंजाची हाडं लहान होत नाहीत, नखाची रुंदी पण तीच राहते, त्यामुळे जे काय करायचं ते फायलरने. चौकोनी कापू नकोस, चौकोनात रुंद नख अजून रुंद दिसतं. ओव्हल कर. बोटाच्या पुढे दोन-तीन मिलिमीटर नख वाढू दे, जास्त लांब नको, तुझ्या कामात ते तुटणारच. फायलर बारीक घ्यायचा, १८० किंवा २४० ग्रिट, पत्र्याचा नको. एका बाजूकडून मधे, मग दुसऱ्या बाजूकडून मधे, करवतीसारखं मागेपुढे घासलं की टोकाला पापुद्रे सुटतात, तुझे अर्धे पापुद्रे त्यानेच असतील बघ.

मग नखाच्या बुडाची कातडी. ती कापायची नाही. पार्लरमध्ये कात्री घेऊन आल्या तर सरळ हात मागे घे. ती कातडी नखाच्या मुळाचं दार आहे, कापलं की जंतू आत जातात आणि नखुरडं होतं, त्यात आपल्याकडे मासे साफ करणं, सुंगटं म्हणजे कोळंबी सोलणं हे रोजचंच, त्या टरफलाचा एक काटा गेला तरी पुरतो. अंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा टॉवेलने किंवा लाकडी काडीने हलकेच मागे सारायची. मागे सारल्यावर बुडाशी एखादा मिलिमीटर नख जास्त दिसायला लागतं, आणि आखूड नखावर एक मिलिमीटर म्हणजे पुष्कळ झाला. नखाखाली टोकदार काही घालून खरवडू नकोस, त्याने नख खालच्या मासापासून सुटत जातं आणि गुलाबी भाग अजून आखूड होतो.

आता लावायचं कसं ते नीट सांगते कारण खरी जादू इथे आहे. नखं पाण्यात भिजवून लगेच पॉलिश लावू नकोस, पाण्याने नख फुगतं, मग सुकताना आकसतं आणि वरचा रंग तडकतो, आपल्या पावसाळ्यात तर हमखास. कोरड्या नखावर रिमूव्हरचा कापूस एकदा फिरव म्हणजे तेलकटपणा जातो. मग बेस कोट, तो चुकवायचाच नाही, गडद रंग आणि लाल नखात उतरतात आणि नख पिवळं पडतं, ते मग वाढून कापून जाईपर्यंत बघत बसावं लागतं. बेस सुकला की ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसून घे, पहिला फटकारा मधोमध, बुडापासून जरा वर ब्रश टेकव, हलकेच बुडाकडे ढकल आणि मग टोकापर्यंत एका दमात खेच. मग डावीकडे एक, उजवीकडे एक, पण कडेपर्यंत जायचं नाही. दोन्ही बाजूंना केसाएवढी रेघ मोकळी सोड. ती मोकळी रेघ कुणाला दिसत नाही आणि नख तेवढंच निमुळतं वाटतं, वाइनसारख्या गडद रंगात तर फरक लगेच कळतो. माझ्याकडे येणारी एक केसिनोतली डीलर आहे, तिचे हात रात्रभर टेबलावर लोकांच्या समोर, तिची नखं मी कायम अशीच करते, आखूड ओव्हल, डाळिंबी, कडा सोडून, आणि ती म्हणते आता पत्ते वाटताना मी हात बघत नाही, पत्ते बघते. शेवटी टॉप कोट, आणि तो नखाच्या टोकाच्या धारेवरून पण फिरवायचा, त्याने टोकं लवकर उडत नाहीत.

जून ते सप्टेंबर गोव्यात पॉलिश सुकायला वेळ लागतो, म्हणून जाड दोन कोटांपेक्षा पातळ तीन बरे. बाटली जोरजोरात हलवू नकोस, बुडबुडे येतात, तळहातांमध्ये गोल फिरव. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतायची सवय असेल तर सोड, त्याने पॉलिश नासतं, नेलपॉलिश थिनर वेगळा मिळतो त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.

बाकीच्या पापुद्र्यांचं कारण बहुतेक ओलं-कोरडं ओलं-कोरडं हेच असतं. हॉटेलात सतत सॅनिटायझर, घरी भांडी, दर दोन दिवसांनी रिमूव्हर. हॉर्मोन्स सुरू झाल्यावर नखं पातळ झाली असं माझ्याकडच्या बऱ्याच जणी सांगतात, कातडी कोरडी होते ते तर सगळ्यांनाच जाणवतं. उपाय काही महागडा नाही, भांडी घासताना रबरी हातमोजे, रात्री झोपताना बुडाला आणि टोकाला खोबरेल तेलाचा थेंब चोळायचा, ॲसिटोनवाला रिमूव्हर आठवड्यातून एकदाच. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे आख्खं नवीन नख यायला चार ते सहा महिने, पायाचं तर वर्ष-दीड वर्ष. त्यामुळे पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून रडू नकोस.

आणि हे जरा लक्ष देऊन वाच. नखं आणि केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, ५ मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला लागतं ३०-४० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीत शेकडो पट जास्त. प्रॉब्लेम असा की हॉर्मोनच्या बऱ्याच रक्त तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं, आणि रक्तात ते जास्त असलं की रिपोर्ट चुकतो. इस्ट्रॅडिऑल, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं, प्रोलॅक्टिन, थायरॉइडचं टीएसएच खोटं कमी. अमेरिकेत औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. आता विचार कर, तुझं इस्ट्रॅडिऑल उगाच जास्त दिसलं आणि डॉक्टरांनी डोस कमी केला तर? त्यामुळे घेत असशील तर डॉक्टरांना सांग, आणि तपासणीच्या किती दिवस आधी बंद करायचं ते विचार, साधारण दोन-तीन दिवस तरी सांगतात. मी तर म्हणते घेऊच नकोस, ज्यांच्यात बायोटिनची कमतरता नाही त्यांना त्याचा फार उपयोग होतो असं मला दिसलेलं नाही.

जेल आणि एक्स्टेंशनचं तू विचारलं नाहीस पण विचारशील. पातळ झालेल्या नखावर आत्ता नको. आणि ऑनलाइन मिळणारी लॅम्पसकटची स्वस्त किट घरी वापरू नकोस. जेल नीट कडक झालं नाही आणि कातडीला लागत राहिलं की त्यातल्या ॲक्रिलेटची ॲलर्जी होते, खाज, फोड, आणि ती एकदा झाली की जन्माची, पुढे दाताच्या फिलिंगला किंवा हाडाच्या सिमेंटला पण तीच रसायनं आडवी येऊ शकतात. काही जेलमध्ये टीपीओ नावाचं एक केमिकल असतं, युरोपात १ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर बंदी आहे, तेव्हा करायचंच झालं तर बाटलीवर टीपीओ-फ्री आणि हेमा-फ्री (हेमा म्हणजे ती ॲलर्जी करणाऱ्या रसायनांपैकी एक) लिहिलंय का बघायचं. आणि ज्यांची कुणाची सर्जरी ठरली असेल त्यांनी जेल, एक्स्टेंशन सगळं आधी काढून जायचं, ऑपरेशनच्या वेळी बोटाला ऑक्सिजन मोजणारा क्लिप लावतात, गडद रंगाने त्याचं रीडिंग गडबडू शकतं आणि ऐनवेळी जेल काही पटकन निघत नाही.

पार्लरला जायची भीती वाटते असं पण तुझ्या बोलण्यात होतं. स्वतःचा फायलर, बफर, काडी घेऊन जा, स्वच्छतेसाठी तर ते सगळ्यांनीच करावं. आधी फोन करून सरळ विचार, ट्रान्स आहे, नखं करायचीत, कराल का. आढेवेढे घेतले तर तिथे जाऊच नकोस. तसं २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याच्या तिसऱ्या कलमात लोकांसाठी असलेली सेवा नाकारता येत नाही असं स्पष्ट आहे, पण नखं रंगवायला गेल्यावर कायदा कुठे शिकवत बसणार, हसतमुखाने हात हातात घेणारी बाई शोधलेली बरी. बोटांवरच्या केसांचं मात्र त्याच खेपेला करून घे, वॅक्स किंवा पुढे लेझर, पेरावरचे केस गेले की अर्धा हात बदलतो.

एक सावधगिरीची गोष्ट पटकन सांगून टाकते. नखावर उभ्या बारीक रेषा असतात त्याची काळजी नको. पण एकाच नखात नवीन काळी किंवा तपकिरी उभी रेघ आली आणि ती रुंद होत चालली, किंवा पायाचं नख जाड पिवळं होऊन भुसभुशीत झालं, किंवा जेलखाली हिरवट डाग दिसला, तर त्यावर रंग फासून झाकायचं नाही. बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्किनची ओपीडी आहे, दाखव, आणि जाताना नखं कोरी ठेव.

आता चवथ. घरी नेवऱ्या करताना, हळदीत हात असताना जेल किंवा पांढरट टॉप कोट पिवळा पडतो, तेव्हा फिका रंग त्या आठवड्यात नकोच. लोकांसमोर हाताला तुला काही दिसू द्यायचं नसेल तर नखं नुसती बफर करून तेल लाव, ओव्हल आकार आणि थोडी चमक, बस, कुणाला काही कळत नाही पण तुला दिसतं. रंग पायाला लाव, वाइन, आणि पाहुण्यांसमोर अनवाणी वावरणं होणार असेल तर आदल्या रात्री काढ. माग न ठेवता काढायचं असेल तर लावायच्या आधीच नखाभोवतीच्या कातडीला व्हॅसलिन लावून ठेव म्हणजे लाल कडा राहत नाहीत. काढताना कापूस रिमूव्हरमध्ये भिजवून नखावर अर्धा मिनिट दाबून धर, मग बोटाच्या टोकाकडे ओढ, घासलंस तर रंग सगळा कातडीत पसरतो. ग्लिटर तर या दिवसांत लावूच नकोस, ते ब्लेडने खरवडायची वेळ येते. आणि रिमूव्हर मखरातल्या समईजवळ, गॅसजवळ उघडू नकोस, ॲसिटोन झटकन पेट घेतं, बाथरूममध्ये खिडकी उघडून बस, वास पण जाईल.

आईला माहीत आहे ना, मग तिलाच घेऊन शुक्रवारच्या बाजाराला म्हापशाला ये. रस्त्यावर ढिगातली ब्रँडेड नावाची नेलपॉलिश घेऊ नका, नकली फार असतात, दुकानातून बिल घेऊन, तारीख बघून घ्या. आधी बेस कोट, मग वाइन, पैसे उरले तर आबोली. आई जुन्या वळणाची असेल तर नेलपॉलिशला क्युटेक्सच म्हणेल आणि सरळ लाल उचलेल, उचलू दे, निळसर झाकेचा आहे की नाही तेवढं तू बघ.